दोन टायर भरतात आणि तिसऱ्याला कॉम्प्रेसर बंद पडतो : कारणं, उपाय, आणि नवीन घ्यायचाच असेल तर काय बघून घ्यायचा

चिखलासाठी किंवा वाळूसाठी टायरची हवा कमी केलेली असते, त्यामुळे ट्रेल, म्हणजे कच्ची वाट, संपवून गाड्या डांबरीला लागल्या की छोट्या कॉम्प्रेसरने (हवेच्या पंपाने) ती परत भरायची वेळ येते, आणि दर वेळी ग्रुपमध्ये कोणाचं तरी हेच होतं. पहिला टायर बरा भरतो, दुसरा जरा रडतखडत भरतो, तिसऱ्याला अर्ध्यात आवाज बदलतो आणि कॉम्प्रेसर गप्प. मग कोणी म्हणतं फ्यूज उडाला, कोणी म्हणतं माल डुप्लिकेट आहे, कोणी म्हणतं बॅटरी उतरली, आणि शेवटी दुसऱ्याचा कॉम्प्रेसर मागून काम भागवतात. घरी गेल्यावर तो भाऊ नवीन मागवतो, या वेळी बॉक्सवर मोठ्या अक्षरात १५० पीएसआय (हवेच्या प्रेशरचं माप) लिहिलेला, आणि पुढच्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला परत तिसऱ्या टायरला तेच.

म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बॉक्सवरचा पीएसआयचा आकडा आपल्या काहीही कामाचा नाही. आपल्याला टायर ३०-३५ च्या वर न्यायचाच नसतो, १०० आणि १५० मधला फरक आपल्याला कधी लागतच नाही. बघायचं ते हे, की ३० पीएसआयच्या आसपास हा पंप मिनिटाला खरी किती लिटर हवा ढकलतो, सलग किती मिनिटं चालतो, आणि करंट कुठून घेतो. गच्चीवरची टाकी भरायची असेल तर नळाला जोर किती आहे यापेक्षा पाइप केवढा आहे ते आपण बघतो, तसंच आहे हे.

तिसराच टायर का?

थोडं गणित करूया, कंटाळू नका, कारण सगळं कोडं इथेच सुटतं. थारचा २५५/६५ आर १८ टायर घ्या. मापावरून काढलं तर आत साधारण ७० लिटर जागा निघते, चार-पाच लिटर इकडेतिकडे. चिखलासाठी किंवा वाळूसाठी तो १६ पीएसआयपर्यंत उतरवला आणि परत ३२ ला न्यायचा, म्हणजे १६ पीएसआय वाढवायचे. बाहेरच्या हवेचं प्रेशर समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय असतं, त्यामुळे १६ भागिले १४.७ गुणिले ७०, म्हणजे साधारण ७५ लिटर बाहेरची हवा एका टायरमध्ये कोंबायची. चार टायरची मिळून ३०० लिटर.

आता गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा जो नेहमीचा छोटा कॉम्प्रेसर असतो त्यावर लिहिलेलं असतं ३५ लिटर पर मिनिट. हा आकडा पाइप मोकळा सोडलेला असताना मोजलेला असतो, म्हणजे समोरून काहीच प्रेशर नसताना. टायर भरत जातो तसा हा आकडा पडत जातो आणि अशा छोट्या पंपाचा २५-३० पीएसआयला खरा हिशोब २०-२२ लिटरवर येतो. म्हणजे एका टायरला साडेतीन मिनिटं. दोन टायर सात मिनिटांत. तिसरा संपायला साडेदहा मिनिटं. आणि त्याच कॉम्प्रेसरच्या माहितीपत्रकात, बारीक अक्षरात, बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की सलग १० मिनिटांच्या वर चालवू नका. बघा, बरोब्बर तिसऱ्या टायरच्या शेवटाला मशीन थांबणार. पुष्कळदा काहीच बिघडलेलं नसतं, मशीन त्याच्या कुवतीप्रमाणे थांबलेलं असतं, आपण घेताना ती कुवत बघितलेली नसते.

यातच अजून एक गोष्ट दडलेली आहे. जिम्नीवाला मित्र सांगतो की माझा तोच पंप आहे, मस्त चालतो, चारही टायर भरून होतात. तो खोटं बोलत नाही. जिम्नीचा १९५/८० आर १५ टायर, त्यात जागा साधारण ४५ लिटर, तेवढेच १६ पीएसआय वाढवायचे धरले तरी ५० लिटरच हवा लागते, सव्वादोन मिनिटं एका टायरला, चारही नऊ-साडेनऊ मिनिटांत उरकतात आणि दहा मिनिटांची मर्यादा येतच नाही. उलट ज्यांनी थारला २८५/७० आर १७ सारखे मोठे टायर चढवलेत त्यांची जागा ९५ लिटरच्या आसपास जाते, म्हणजे एका टायरला शंभर लिटर हवा, त्यांचा दुसराच टायर नऊ-साडेनऊ मिनिटांवर संपतो. म्हणून "कोणता कॉम्प्रेसर चांगला" हा प्रश्न टायरचं माप सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही, आणि उत्तर देणाऱ्यानेही ते आधी विचारायला पाहिजे.

आधी बघा, बंद कसा पडला

दुरुस्ती किंवा नवीन खरेदी, दोन्हीच्या आधी हे नीट आठवा. एकदम सगळं मेलं, डिस्प्लेची लाइटसुद्धा गेली, तर करंटचा प्रॉब्लेम. बंद पडला पण वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप परत चालू झाला, तर तापला होता. चालतोय, आवाज येतोय, पण काटा हलत नाही, तर हवा कुठेतरी निघून जातेय किंवा आत येतच नाही. आणि स्वतःच बंद होतोय, डिस्प्लेवर ३२ दाखवतोय, पण टायर डोळ्यांना बसलेला दिसतोय, तर तो मीटरचा खेळ. चार वेगवेगळे आजार आहेत आणि लोक चारही आजारांवर एकच औषध करतात, नवीन पंप.

करंटचं आधी बघू कारण गाडीला धोका यातच जास्त आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर सहसा १२० वॉट लिहिलेलं असतं, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. फ्यूज बऱ्याच गाड्यांत १५ किंवा २० चा असतो. मोटर चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, टायरमधलं प्रेशर वाढतं तसा लोडही वाढतो, त्यामुळे १२-१४ अँपिअरचा पंप पहिल्या टायरला काही बोलत नाही आणि नंतर फ्यूज उडवतो. फ्यूज बॉक्स उघडायच्या आधी पंपाच्या प्लगचं टोक फिरवून काढा, बऱ्याच प्लगांच्या आत एक छोटा काचेचा फ्यूज असतो, तो उडालेला असतो आणि लोक गाडीचं वायरिंग शोधत बसतात. तो ठीक असेल तर मग गाडीचा फ्यूज बघा. आणि हात जोडून सांगतो, १५ चा उडाला म्हणून ३० चा घालू नका, तार गुंडाळू नका, चांदी लावू नका. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. मोठा फ्यूज घातला की त्याच्या ऐवजी डॅशबोर्डच्या मागची वायर तापते आणि ती तापलेली आपल्याला दिसत नाही, वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो. रानात गाडी पेटली तर पाणी घेऊन येणारं कोणी नसतं.

पंप बंद केल्यावर प्लगच्या टोकाला हात लावून बघा. चटका बसत असेल तर सॉकेटमधला कॉन्टॅक्ट लूज आहे, तिथेच उष्णता होतेय, थोड्या दिवसांत प्लास्टिक वितळतं. अशा सॉकेटवर परत पंप लावूच नका.

इंजिन चालू ठेवून हवा भरायची, हे बहुतेकांना माहीत असतं तरी उन्हात इंजिन बंद करून बसणारे भेटतातच. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबाराच्या आसपास व्होल्ट देते, अल्टरनेटर चालू असताना पावणेचौदा ते सव्वाचौदा-साडेचौदा. त्यातून पंपाची वायर बारीक आणि लांब असेल तर वाटेतच एक-दीड व्होल्ट खाऊन टाकते. मल्टिमीटर असेल तर पंप चालू असताना त्याच्या अगदी जवळ मोजा. इंजिन चालू असून तिथे १२ च्या खाली दिसत असेल तर पंपाचा दोष नाही, वायरचा आहे. मागच्या टायरपर्यंत पोचावं म्हणून लोक सॉकेटचं एक्स्टेन्शन जोडतात त्याचा परिणाम हाच. वायर वाढवण्यापेक्षा हवेचा पाइप लांब घ्या, पाइप लांब झाला तर वेळेत फारसा फरक पडत नाही, बारीक वायर लांब झाली तर मोटर उपाशी चालते आणि उपाशी मोटर अजून तापते.

खरा उपाय म्हणजे बॅटरीला थेट चिमटे लावायचा कॉम्प्रेसर. बॉनेट उघडा, लाल आधी प्लसला, मग काळा मायनसला किंवा बॉडीवरच्या चांगल्या उघड्या धातूला, वायर रेडिएटर फॅन आणि बेल्टपासून लांब, आणि चिमट्यांच्या वायरवर स्वतःचा फ्यूज असलाच पाहिजे, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, फार खर्चाचं काम नाही.

तापण्याबद्दल

हवा दाबली की तापते, हे सायकलला हवा मारणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असतं. छोट्या पंपाचा सिलिंडर अंगठ्याएवढा, त्यामुळे तेवढीच हवा भरायला त्याला फार जास्त फेऱ्या माराव्या लागतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला जागा नसते. बऱ्या मशीनमध्ये थर्मल कटऑफ असतो, ठरावीक तापमानाला मोटर बंद, थंड झाली की परत चालू. स्वस्तातल्या काहींमध्ये तो नसतोच, त्यांचा पाइपच सिलिंडरच्या तोंडाशी मऊ होऊन फटकन निघतो किंवा पिस्टनची रिंग जळते. त्या तोंडाशी असलेल्या पितळी नटला चुकून हात लावला तर कातडी निघते, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी लांब उभं करा.

दोन टायर झाले की बंद करा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात चाकं बघा, बुडाला काय लागलंय ते बघा, चहा प्या. जैसलमेरजवळच्या सॅमच्या वाळूत किंवा कच्छकडे दुपारी काम असेल तर पंप गाडीच्या सावलीत ठेवा, आणि थेट वाळूवर नाही, चटईवर किंवा फ्लोअर मॅटवर. वाळू खालून गरम करते हे एक, आणि तोंडाने आत ओढली जाते हे त्याहून वाईट. बॉनेट उघडून इंजिनच्या डोक्यावर पंप ठेवणारेही बघितलेत, तिथे आधीच भट्टी असते, तिथे ठेवू नका.

माहितीपत्रकात ड्यूटी सायकल लिहिलेली असते ती वाचा. ३३ टक्के म्हणजे अर्ध्या तासात दहा मिनिटं काम आणि वीस मिनिटं आराम. पण तो टक्का कोणत्या प्रेशरला आहे तेही बघा, कारण १०० पीएसआयला ३३ टक्के असलेलं मशीन ३० पीएसआयला त्याहून बरंच जास्त वेळ चालतं, आणि ३० लाच ३३ टक्के असलेलं मशीन म्हणजे जेवढं लिहिलंय तेवढंच. नुसता टक्का लिहिला असेल आणि प्रेशर लिहिलं नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

चालतोय पण भरत नाही

पहिला संशय नोझलवर. खटका दाबून बसवायचं नोझल असेल तर आतलं रबर झिजतं आणि व्हॉल्व्हची पिन नीट दाबली जात नाही, अर्धी हवा बाजूने जाते. एवढ्याशा रबरासाठी अख्खा पंप टाकून देऊ नका. फिरवून बसवायचं नोझल चांगलं धरतं पण काढताना थोडी हवा जाते, ते गृहीत धरून एखादा पीएसआय जास्त भरायचा. ज्यांच्या गाडीला व्हॉल्व्हमध्ये बसवलेले प्रेशर सेन्सर आहेत त्यांनी जड नोझल व्हॉल्व्हवर लटकत सोडू नये, हाताने आधार द्या.

मग साबणाचं पाणी. पाइपच्या प्रत्येक जोडाला लावा, बुडबुडे आले की सापडलं. तिथेही काही नसेल तर हवा आत घ्यायच्या तोंडाचा स्पंज काढून बघा. मावळ-मुळशीच्या तांबड्या चिखलात दोन पावसाळे काढलेल्या पंपाचा स्पंज विटेसारखा घट्ट झालेला असतो, हवा आत जाणार कुठून. साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मग बसवा. ओला बसवू नका.

हे सगळं ठीक असून पंप सुस्त असेल तर पिस्टनची रिंग किंवा आतला पातळ पत्र्याचा व्हॉल्व्ह गेला. छोट्या पंपात हे दुरुस्त करण्यात सहसा अर्थ नसतो, मोठ्या नावाजलेल्या मशीनचे किट मिळतात आणि ते बदलता येतात. पण सुस्त झालाय हे कळणार कसं? त्याची एक सोपी सवय लावा. पंप नवीन असताना घरी स्टेपनीतली हवा २० ला आणा आणि ३० ला जायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून बघा, मार्करने पंपाच्या डब्यावर लिहून ठेवा. दर पावसाळ्याच्या आधी परत तीच परीक्षा. दीडपट वेळ लागायला लागला तर तो पंप लांबच्या ट्रिपला एकटा नेऊ नका. ही एकच सवय लावली तरी रानातल्या निम्म्या कटकटी घरीच कळतील.

टायरचा व्हॉल्व्हही बघा. हवा उतरवताना पिनेत वाळू किंवा माती अडकते, मग भरलेली हवा रात्रभर हळूहळू जाते आणि सकाळी सगळे पंपाला शिव्या देतात. थुंकी लावली तरी कळतं. व्हॉल्व्हची पिन आणि ती काढायची चिमूटभर चावी पंक्चरवाल्याकडे किरकोळ पैशात मिळते, चार पिना आणि चावी पंपाच्या डब्यातच ठेवा. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर ती आधी लावा, ती शोभेला नसते.

मीटर खोटं का बोलतं

ऑटो कटवाला डिजिटल पंप ३२ ला बंद होतो, वेगळ्या गेजने बघितलं तर २९. लोकांना वाटतं फसवलं. होतं असं की पंप चालू असताना मीटर पाइपातलं प्रेशर वाचतं, आणि पाइपातलं प्रेशर टायरपेक्षा जास्त असतं कारण हवा बारीक व्हॉल्व्हमधून ढकलली जात असते. पंप बंद करा, दोन सेकंद थांबा, मग जो आकडा दिसतो तो खरा. ऑटो कट हव्या त्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त लावून ठेवा आणि शेवटी वेगळ्या गेजने बघा. चांगलं वेगळं गेज ही चैन नाही, कारण ज्या अक्षावर एका बाजूला २९ आणि दुसऱ्या बाजूला ३३ आहे ती गाडी पावसात ब्रेक मारल्यावर सरळ राहीलच असं नाही.

अजून एक. ट्रेलवरून आलेले टायर गरम असतात. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी होतो, तेव्हा संध्याकाळी गरम टायरमध्ये भरलेले ३२ दुसऱ्या दिवशी पहाटे २८-२९ दिसणं ही गळती नाही. पहाटे थंड टायरवर परत बघा आणि दाराच्या स्टिकरवर कंपनीने दिलेला आकडा गाठा.

मग घ्यायचा कोणता

ब्रँडचं नाव घेऊन हाच घ्या असं मी सांगणार नाही, कारण टायर वेगळे, वापर वेगळा, खिसा वेगळा. पण दुकानात किंवा ऑनलाइन बघताना पहिली गोष्ट ही, की कंपनीने ३० पीएसआयच्या जवळपासचा प्रवाह छापलाय का. जे छापतात ते गंभीर आहेत असं समजा. उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियाच्या एआरबीच्या दोन सिलिंडरच्या १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरला शून्य प्रेशरला १७४ लिटर आणि २९ पीएसआयला १३१ लिटर असे दोन्ही आकडे दिलेले असतात. एवढ्या तगड्या मशीनचासुद्धा चौथा हिस्सा कमी होतो, यावरून छोट्या पंपाचं काय होत असेल ते समजा. त्याने थारचा टायर पस्तीस-चाळीस सेकंदांत भरतो, पण ते गाडीत कायमचं बसवायचं, जाड वायरिंगचं आणि महाग प्रकरण आहे, आपल्यातल्या बहुतेकांना त्याची गरज नाही. वर्षाला दोन वाळवंटं आणि दर शनिवार-रविवार चिखल असं ज्यांचं आहे त्यांनी विचार करावा.

कधी आकडा सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट हवा) असतो, त्याला २८.३ ने गुणा की लिटर पर मिनिट येतात. १.४७ सीएफएम म्हणजे ४१-४२ लिटर, २.५ सीएफएम म्हणजे ७० लिटर.

माझं मत असं, की स्टॉक (कंपनीच्याच टायरवरची) थार, गुरखा, थोडक्यात ७० लिटरच्या आसपासच्या टायरला शून्य प्रेशरचा ६०-७० लिटरचा, धातूच्या सिलिंडरचा, बॅटरीला चिमटे लावायचा कॉम्प्रेसर पाहिजे. भरताना तो ४५-५० लिटर देईल, एका टायरला दीड-पावणेदोन मिनिटं, चारही सात मिनिटांत, तापायच्या आत काम संपतं. मोठे टायर असतील तर याच्या खाली अजिबात जाऊ नका. जिम्नीवाल्यांना ४० लिटरचा चांगला पंप पुरतो, मात्र तोही सॉकेटपेक्षा चिमट्यांचा बरा. बॉक्सवर मिनिटाचे लिटर लिहिलेलेच नसतील, नुसता पीएसआय आणि "सुपर फास्ट" असेल, तर तो सोडून पुढे चला.

हातात धरायचे बॅटरीवाले छोटे पंप सध्या प्रत्येकाच्या गाडीत दिसतात आणि शहरासाठी ते छानच आहेत, २८ चे ३३ करायचे असतील तर त्यांच्यासारखी सोय नाही. पण १६ चे ३२ चार वेळा करणं हे त्यांचं काम नाही. एका टायरला सात-आठ मिनिटं जातात, दुसऱ्यापर्यंत बॅटरी आणि अंग दोन्ही तापतं, आणि उन्हात बंद गाडीत राहिलेला असेल तर लिथियम बॅटरी आधीच कंटाळलेली असते. दुसरा पर्याय म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको.

पाइप कापडी विणीचा, चारही चाकांना एका जागेवरून पोचेल एवढा. प्रेशर रिलीजचं बटण असलं तर जास्त भरलेली हवा तिथेच सोडता येते. चार टायरना एकदम जोडायचे पाइप मिळतात, त्याने एकूण वेळ कमी होत नाही, तेवढीच हवा तेवढ्याच पंपाने भरायची असते, फायदा हा की चारही टायर एकसारखे होतात आणि चार वेळा वाकावं लागत नाही. ज्यांची पाठ दुखते त्यांच्यासाठी पैसे वसूल.

एक अपेक्षा मात्र कुठल्याच पोर्टेबल पंपाकडून ठेवू नका. हवा फार कमी केली आणि वळताना टायर रिमवरून सुटला, तर तो परत बसवायला एकदम भसकन मोठी हवा लागते, ती टाकीवाल्या मोठ्या मशीनमधून येते. व्हॉल्व्हची पिन काढून, कडेला साबण लावून, गाडी जॅकवर घेऊन प्रयत्न करता येतो आणि मोठ्या पंपाने कधी कधी जमतं, छोट्याने नाही. पेट्रोल शिंपडून पेटवायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका, हात आणि डोळे परत मिळत नाहीत. त्यापेक्षा बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसताना १५ च्या खाली जायचंच नाही हे धोरण ठेवा.

कोकणातल्या बीचवर हवा कमी करून गाडी घालण्याबद्दलही लोक विचारतात. नका घालू. गोव्यात तर बंदीच आहे, आणि वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात, वरून दिसत नाहीत. वाळूची हौस राजस्थानात भागवा.

लडाखला जाणाऱ्यांसाठी

वर गेल्यावर पंप मंद वाटतो, तो बिघडलेला नसतो. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे हवेचं प्रेशर समुद्रसपाटीच्या साधारण पासष्ट टक्के. प्रत्येक फेरीला पंपाच्या तोंडात हवाच दोन तृतीयांश येते, म्हणजे तेवढ्याच कामाला किमान दीडपट वेळ. साडेपाच हजार मीटरच्या आसपासच्या खिंडीत तर हवा निम्मी, वेळ दुप्पट, आणि विरळ हवेत मोटर थंडही नीट होत नाही. पुण्यात चारही टायर नऊ मिनिटांत भरणारा पंप तिथे दहा मिनिटांच्या मर्यादेला सहज धडकतो. नुब्रात हुंडरच्या वाळूत गेलात आणि हवा कमी केलीत तर परत भरायला निवांत वेळ काढून ठेवा, अंधार पडायच्या आत.

आणि पुण्याहून ३२ भरून निघालात तर लेहला गेजवर काय दिसेल यावर वाद घालू नका. बाहेरचं प्रेशर कमी झाल्यामुळे चार-एक पीएसआय वाढतात, थंडीमुळे जवळपास तेवढेच कमी होतात. दुपारच्या उन्हात ३५-३६ दिसले म्हणून हवा सोडू नका, पहाटे बघा आणि मग ठरवा.

आणि रानात खरंच बंद पडला तर

जेवढी हवा भरली गेलीय ती सारखी वाटून घ्या. दोन टायर ३२ आणि दोन १६ अशी गाडी चालवू नका, निदान एका अक्षावरचे दोन्ही टायर एकसारखे पाहिजेत. थंड होऊ द्या, मग प्रत्येक टायरला थोडी थोडी अशी फेरी मारत चारही २२-२४ पर्यंत आले तरी गावातल्या रस्त्याने चाळीसच्या आत हळू जाता येतं. १६ वर एक्सप्रेसवे किंवा समृद्धीला लागणं म्हणजे जीवाशी खेळ, कमी हवेत टायरची बाजू सतत दुमडते, आतून तापते, आणि शंभरच्या वेगात फुटते. "पेट्रोल पंप पाच किलोमीटरवर आहे, तिथे भरू" असं म्हणत लोक निघतात आणि त्या पंपावरचं हवेचं मशीन बंद असतं, मग पुढचा पंप, मग त्याच्या पुढचा. वाटेत ट्रकवाले भेटले तर विचारा, बऱ्याच ट्रकना ब्रेकच्या टाकीतून टायरला हवा भरायचा पाइप असतो आणि ड्रायव्हर मंडळी सहसा नाही म्हणत नाहीत. नाहीतर गावातला पंक्चरवाला, त्याच्याकडे टाकी असते, पाच मिनिटांत चारही टायर भरून देतो. जाताना चारही व्हॉल्व्हच्या टोप्या परत लावल्यात का ते बघा.